वेगाची किंमत: तीस वर्षांचा मागोवा

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाच दर्जाप्रमाणे दर ही पद्धतही आपल्याकडे आली. विद्यार्थ्यांचे खाते स्वस्त होते, पण त्यावर फक्त अक्षरे दिसत. मोडेम घरघरत फोन लावायचा आणि काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटायची. चित्रांसकट वेब पाहायचे तर कितीतरी महागडे खाते घ्यावे लागे. त्यानंतर इंटरनेट कुठल्या कुठे पोहोचले, पण जास्त पैसे देणाऱ्याला कोणत्या अटींवर चांगली सेवा द्यायची, हे अजून पुरते ठरलेले नाही.

प्रश्नाचे मूळ तंत्रात आहे. इंटरनेटवर सगळा मजकूर छोट्या पॅकेटांत तुटून जातो आणि गर्दी झाली की राउटरवर पॅकेटांची रांग लागते. ईमेल दोन सेकंद उशिरा पोहोचली तर काही बिघडत नाही. बोलणे अर्धा सेकंद अडले तरी संभाषणाचा विचका होतो. म्हणूनच 1981च्या आयपी नियमावलीत प्रत्येक पॅकेटवर त्याची निकड नोंदवायला जागा ठेवली होती. सार्वजनिक इंटरनेटवर तिचा फारसा उपयोग झाला नाही. निकड नोंदवायला पैसे पडत नसतील, तर जो तो आपलेच पॅकेट तातडीचे म्हणणार.

इथे अर्थशास्त्रज्ञ पुढे आले. 1993च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या जेफ्री मॅकी-मेसन आणि हॅल व्हेरियन यांनी लिलाव सुचवला. प्रत्येक पॅकेटवर बोली असावी, गर्दीच्या क्षणी वरच्या बोलीची पॅकेटे आधी जावीत आणि गर्दी नसेल तेव्हा कोणाला काही पडू नये. कल्पना देखणी, पण एवढ्या पॅकेटांचा हिशेब ठेवणार कोण? पुढे एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतल्या अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी सोपी वाट काढली. पॅरिसच्या मेट्रोत एकेकाळी दोन्ही वर्गांचे डबे सारखेच असत, फक्त पहिल्याचे तिकीट दुप्पट. तेवढ्यानेच तिथे गर्दी कमी राही. जाळ्याचेही असेच भाग करा, असे त्यांचे म्हणणे. मुंबई लोकलचा फर्स्ट क्लासचा पास काढणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

बर्कलीत 1998-99मध्ये प्रत्यक्ष प्रयोगही झाला. मुंबईत जन्मलेले प्रवीण वरैया त्याच्या सूत्रधारांपैकी एक. ग्राहकाला घरबसल्या 8 ते 128 किलोबिटपर्यंतचा वेग हवा तेव्हा बदलता येई आणि त्याप्रमाणे आकार पडे. सरसकट एकच दर लावला की कमी वापरणारा जास्त वापरणाऱ्याचा भार उचलतो, असे त्यातून दिसले. तरी बाजार जिंकला तो सरसकट दरानेच. अमेरिका ऑनलाइनने 1996च्या अखेरीस महिना 19.95 डॉलरांत हवा तेवढा वापर देऊ केला आणि ग्राहकांची रीघ लागली. मिनिटामिनिटाचा मीटर कोणालाच नको होता. शिवाय फायबर स्वस्त झाल्यावर रांगेची शिस्त लावण्यापेक्षा क्षमता वाढवणेच परवडू लागले.

आपल्याकडे ठिणगी पडली डिसेंबर 2014मध्ये. एअरटेलने इंटरनेटवरून बोलण्यासाठी वेगळा आकार जाहीर केला आणि ओरड होताच मागे घेतला. पुढच्या वर्षी दूरसंचार नियामक ट्रायने मते मागवली, तेव्हा लाखो ईमेल गेल्या. मोजकीच संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्सवरही रण माजले. अखेर 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी केली. मी हा निर्णय मोलाचा मानतो. वेगासाठी पैसे मोजताना निवड ग्राहकाची असते. कोणते संकेतस्थळ स्वस्त हे कंपनी ठरवू लागली, की ती निवड त्याच्या हातून जाते.

जुलै 2020मध्ये प्रश्न आणखी अवघड झाला. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने महागड्या प्लॅनवाल्यांना जास्त वेग देऊ केला. यात मजकुराचा भेद नव्हता. पण टॉवरची क्षमता ठरलेली. मग इतरांचा वेग घटणार नाही कशावरून, असे ट्रायने विचारले. या शंकेला जुना आधार आहे. फ्रेंच अभियंते ज्यूल द्युप्वी यांनी 1849मध्येच दाखवून दिले होते, की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे ठेवण्यामागे छपराचा खर्च वाचवणे हे कारण नव्हते. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, हा हेतू होता. आज दिवसाचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे जवळपास जुन्या मोडेमइतका. नकाशा अर्धवट उघडून थांबतो, पैसे पाठवताना चक्र फिरत राहते, आणि जादा पॅक घ्या असा संदेश येतो.

आता 5जीमध्ये एकाच जाळ्याचे राखीव वाटे पाडता येतात. कारखान्याला किंवा रुग्णवाहिकेला खात्रीचा वाटा मिळायलाच हवा, आणि त्याचे दाम घेण्यातही गैर नाही. मात्र त्याआधी साध्या ग्राहकाचा किमान वेग बांधून द्यायला हवा. ब्रॉडबँडची सरकारी किमान मर्यादा 512 केबीपीएसवरून 2023मध्ये 2 एमबीपीएस झाली; ती यापुढे नेमाने वाढावी आणि ऐन गर्दीच्या वेळी मोजून टॉवरनिहाय जाहीर व्हावी. चांगल्या सेवेचे पैसे जरूर घ्यावेत. साधी सेवा बिघडवून ते वसूल करायला मात्र कायद्याने वाव ठेवू नये.