तुरा वांझ, ऊस मात्र जोमात

नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर बारामती-इंदापूरच्या पिढ्या ऊस पिकवत आल्या. लागण, बांधणी, खोडवा यांतलं त्यांना कुणी शिकवायला नको. वाण आणि संकर यांविषयी मात्र काही समज बांधावर अजून पक्के आहेत.

गैरसमज : उसाला बी नसतं.

वस्तुस्थिती : लागण टिपरीने होते, पण नवा वाण बियांतूनच जन्मतो. तुऱ्यातल्या चंदेरी कापसात मोहरीहून बारीक बी असतं. आपल्याकडे तुरा येतो तो थंडीच्या तोंडावर. गार रात्रींमुळे परागकण वांझ राहतात नि बी भरत नाही. म्हणून संकर केले जातात कोइमतूरला, तर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे आंबोलीच्या दमट हवेत.

गैरसमज : 86032 हा इथलाच जुना ऊस.

वस्तुस्थिती : तो को 62198 आणि कोसी 671 यांचा कोइमतूरला झालेला संकर. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने पारखून 1996 मध्ये ‘नीरा’ नावाने त्याची महाराष्ट्रासाठी शिफारस केली. मूळ आणखी मागे जातं. कोइमतूरचं केंद्र 1912 चं. तिथे जाड, गोड ऊस आणि नदीकाठचं रानटी कांस यांचा संकर होऊन 1918 मध्ये को 205 आला. गोडी उसाची, काटकपणा कांसाचा. आजच्या बहुतेक सगळ्या वाणांत दोघांचाही अंश आहे.

गैरसमज : दूरच्या जातींचा संकर वांझ निघतो, म्हणजे मेहनत फुकट.

वस्तुस्थिती : वांझपणा किती नडतो, हे आपण पिकाचं काय खातो यावर ठरतं. उसाचं आपण कांडं घेतो; तुऱ्यात बी भरलं नाही तरी कारखान्याच्या काट्यावर फरक पडत नाही. भातात दाणा हेच पीक. इंडिका आणि जपोनिका या उपप्रजातींचा संकर फुटव्याला जोमदार असतो, पण लोंबी चिमटीत दाबली की बरेच दाणे पोचट लागतात. एस-5 या जनुकाची दोन्हींकडची रूपं एकमेकांशी जुळत नाहीत आणि फुलातला भ्रूणकोश मरतो. 1980 च्या दशकात जपानी शास्त्रज्ञ इकेहाशी आणि अराकी यांनी दोन्हींशी जुळणारं तिसरं रूप असलेले वाण दाखवून दिले. असं रूप एका पालकात आणलं की दाणे भरू लागतात. उलट कर्जतच्या ‘सह्याद्री’ या 1998 च्या संकरित भातात नर-वांझ मादी वाण मुद्दामच वापरला आहे, म्हणजे परागीभवन परक्या परागानेच होतं.

गैरसमज : संकरित पिकाचं बेणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं.

वस्तुस्थिती : संकरित भाताला हे लागू आहे; घरचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. उसाचा डोळा मात्र आईची हुबेहूब नक्कल असतो. तरी घरचंच बेणं फिरवत राहिलं तर काणी आणि गवताळ वाढ हे रोग टिपरीबरोबर शेतात येतात. वाण बिघडला, असं आपण म्हणतो. बिघडलेलं असतं बेणं. तीन-चार वर्षांनी ते बदलावं आणि नवं घेताना खोडव्याचं न घेता बेणेमळ्यातलं, 9 ते 11 महिन्यांचं निरोगी घ्यावं.