घासलेला अंगठा आणि यंत्र

तान्हे बाळ आईला वासावरूनच चार दिवसांत ओळखू लागते. यंत्राला मात्र शिकवावे लागते. अंगठ्याच्या यंत्राला एवढेच ठाऊक, की रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो. पण डोंबिवलीत धुणीभांडी करणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या, कल्याणच्या नाक्यावरून सिमेंटच्या कामाला जाणाऱ्या भावांच्या रेषाच झिजलेल्या! रेशन दुकानात पाच वेळा अंगठा दाबला तरी जुळत नाही, मागची रांग कुरकुरते, आणि माऊली उगाच ओशाळते. ओशाळायचे तिने का?

चेहरा पाहून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या यंत्रांचीही तीच गत. २०१८ साली अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय संशोधिकेने ती तपासली. काळ्या स्त्रियांबाबत एक यंत्र शंभरात चौतीस वेळा चुकत होते, गोऱ्या पुरुषांबाबत एकदाही नाही म्हटले तरी चालेल. अशी यंत्रे जोखण्याच्या फोटोंतच गोरे चेहरे फार होते.

अंगठा जुळला नाही म्हणून हक्काचे धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवले आहे. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवरूनही आधारची ओळख पटवता येते. दुकानदाराला तसे ठणकावून सांगावे. रिकामी पिशवी घेऊन परतू नये.