अधीर तेरडा, सातारकर वायतुरा

तेरड्याचे शास्त्रीय नाव ‘इम्पेशन्स’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘अधीर’. पिकलेल्या बोंडाला बोट लागले की त्याच्या फाका झटकन आत वळतात आणि बिया दूर उडतात. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळा सरताना हे सहज पाहता येते.

‘पेशन्स’ म्हणजे सोसणारा आणि त्याआधीचा ‘इन’ हा नकार. पुढे ‘प’ आला की त्यातल्या ‘न’चा ‘म’ होतो. म्हणूनच इंग्रजीत ‘इनकरेक्ट’, पण ‘इम्पॉसिबल’. मराठीत हेच काम ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ करतात: अधीर, अनादर. हा योगायोग नव्हे. संस्कृतचा ‘अ’, लॅटिनचा ‘इन’ आणि इंग्रजीचा ‘अन’ ही एकाच प्राचीन नकाराची रूपे आहेत. मिरजेच्या दवाखान्यांत दिवसभर कानावर पडणारा ‘पेशंट’ही याच कुळातला, सोसणारा.

अशी शास्त्रीय नावे शाळा-कॉलेजांत घोकून घेतली जातात, फोडून क्वचितच सांगितली जातात. हे फार मोठे नुकसान आहे, कारण बहुतेक नावांत कुणीतरी नीट पाहिलेले काहीतरी असते. सीतेची आसवे या इवल्या जांभळ्या फुलांचे ‘युट्रिक्युलारिया’ हे नाव ‘छोटी पखाल’ या अर्थाच्या शब्दावरून आले. मराठी नाव फुलाकडे पाहते, लॅटिन नाव चिखलाखाली. तिथे या झाडाला बारीक फुगे असतात. दाराशी असलेल्या केसांना एखादा सूक्ष्म जीव घासला की फुगा पाण्यासकट त्याला आत ओढून घेतो. दवबिंदू या वनस्पतीच्या ‘ड्रॉसेरा’ या नावाचा अर्थ मात्र मराठी नावासारखाच आहे: दवाने भिजलेली.

दोन फाट्यांच्या तुऱ्याचा वायतुरा म्हणजे ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’. लॅटिनचा ‘एन्सिस’ हा प्रत्यय गाव दाखवतो, अगदी मराठीतल्या ‘कर’सारखा. थोडक्यात, हा सातारकर.

सांगलीच्या बाजारपेठेची ओळख असलेल्या हळदीला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ‘कुर्कुमा लोंगा’ म्हटले. ‘लोंगा’ म्हणजे लांब. ‘कुर्कुमा’ अरबी ‘कुरकुम’वरून आला आणि तो शब्द आधी केशराचा होता. संस्कृत ‘कुंकुम’चा अर्थही केशरच, आणि या दोन शब्दांचे नाते मानले जाते. पुढे अरबी शब्द हळदीवर गेला. इकडे कुंकुमाचे कुंकू झाले आणि तेही हळदीपासूनच बनू लागले.