पेंवांतील कंदील आणि प्रकाशानें जागें होणारें द्रव्य

ढोकीच्या बाजूचे वृद्ध शेतकरी पेंव उघडण्याची रीत जाणतात. तोंड उघडून वारा खेळूं द्यावा, मग कंदील खालीं सोडावा. तो विझल्यास कोणीं उतरूं नये. मिटलेल्या पेंवांत धान्य श्वास घेतें, प्राणवायु खर्चीं पडतो आणि कर्बाम्ल, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायु, हवेहून जड असल्यानें तळाशीं सांचतो.

ही रीत शहाणपणाची खरी. पण ती अपुरी आहे. कर्बाम्ल शेंकडा 5 मिसळलेल्या हवेंतही ज्योत तेवूं शकते. माणसास मात्र धाप लागून भोंवळ येते. गोबर गॅसच्या खड्ड्यांत तर दिवा नेणें म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. मळीच्या टाकींत वा सांडपाण्याच्या हौदांत उद्भवणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असतां सडक्या अंड्यासारखा घाण येतो; फार झाला कीं नाकच बधिर होतें.

मग ओळखावें कसें? 1962 सालीं जपानांत सेइयामा यांनीं दाखविलें कीं, तापविलेल्या जस्ताच्या भस्माची विद्युद्वाहकता वायूच्या स्पर्शानें बदलते. हवेंतील प्राणवायु भस्माच्या पृष्ठावरील विद्युत्कण अडवून धरतो. अमोनियासारखा वायु त्या प्राणवायूशीं संयोग पावला कीं ते कण मोकळे होतात. परंतु याकरितां बहुधा 200 ते 400 अंश उष्णता लागते, आणि तिच्या पायीं विजेचा खर्च वाढतो.

उष्णतेचें हें काम प्रकाशाकडून करवून घ्यावें, हा नवा विचार. जस्तभस्म केवळ अतिनील किरण शोषतें. म्हणून त्यास दृश्य प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्याची वा सेंद्रिय पदार्थाची जोड देतात. रंगद्रव्य प्रकाश घेतें व विद्युत्कण भस्मास देतें. अशा संकर द्रव्यास लहानशा दिव्याच्या उजेडांत, साध्या हवामानांतही, वायूची चाहूल लागते. ओलाव्यानें होणारी फसगत आणि वायुवायूंतील भेद ओळखणें, या अडचणी मात्र अद्याप पुरत्या सुटलेल्या नाहींत.

या विद्येचें एक अंग आमच्या शेजारींच आहे. सोलापूर विद्यापीठांत पॉलिपिरॉल व जस्तभस्म यांच्या संकरानें नायट्रोजन डायऑक्साइड वायु साध्या उष्णमानांत ओळखल्याचें संशोधन 2012 सालीं प्रसिद्ध झालें. तेथें प्रकाशाचें साह्य नव्हतें. तथापि भट्टी टाळण्याचा हेतु तोच.

पेंवांतील कर्बाम्ल मात्र या द्रव्यांस सहजीं सांपडत नाहीं. त्यास अवरक्त किरणांचें यंत्र लागतें. म्हणून आमची सूचना अशी : प्राणवायु, कर्बाम्ल, मिथेन व हायड्रोजन सल्फाइड मोजणारें हातयंत्र गांवोगांवच्या संघांनीं सामाईक ठेवावें, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधून वर दोन माणसें उभीं करावीं, आणि खालीं कोणी पडल्यास मागोमाग उडी घेऊं नये. पहिल्यास वांचवावयास गेलेला दुसराही त्याच खड्ड्यांत प्राण गमावतो, ही गोष्ट प्रत्येक घरीं सांगितली जावो.