बिलाच्या प्रोग्रामची गुप्त चावी कोठे ठेवावी?

यवतमाळ, वणी, पांढरकवडा, पुसद या भागांतील जिनिंगमालक, गाठींचे व्यापारी आणि लोखंड-सिमेंटचे घाऊक दुकानदार यांच्यापैकी ज्यांची वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेली आहे, त्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकलेल्या करपात्र मालाचे ई-इनव्हॉइस काढावे लागते. बिलाची माहिती सरकारी पोर्टलकडे जाते आणि तेथून 64 अक्षरांचा आयआरएन व क्यूआर कोड परत येतो. ज्याला हे लागू आहे त्याचे आयआरएनविना दिलेले बिल नियमाप्रमाणे बिलच धरले जात नाही.

बरेच जण हे काम तयार हिशेबी सॉफ्टवेअरवर भागवतात. काही पेढ्यांनी मात्र स्वतःचा प्रोग्राम लिहून घेतला आहे व तो भाड्याच्या संगणकावर, म्हणजे क्लाउडवर ठेवला आहे. हा प्रोग्राम म्हणजे एपीआय, एक प्रकारची खिडकी होय. मुनिमाने बिल आत सरकवले की तो जीएसपी मध्यस्थामार्फत किंवा थेट पोर्टलशी बोलतो. बोलताना त्याला क्लायंट आयडी, क्लायंट सिक्रेट, युजरनेम व पासवर्ड दाखवावे लागतात. म्हणजे आपल्या पेढीच्या नावाने बिल फाडण्याचा अधिकारच या चार शब्दांत आहे. हे शब्द ठेवायचे कोठे, हा आजचा प्रश्न.

सोपा आणि वाईट मार्ग म्हणजे ते प्रोग्रामच्या ओळींतच लिहून टाकणे. प्रोग्रामची प्रत लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर असते, गिटहबसारख्या ठिकाणी असते, उद्या दुसऱ्याकडे काम दिले की त्याच्याकडेही जाते. पुढे ती ओळ पुसली तरी जुन्या आवृत्त्यांत ती राहतेच. 2016 साली उबर कंपनीच्या अभियंत्यांच्या खाजगी गिटहब साठ्यात चोरांना अशीच क्लाउडची चावी मिळाली व 5 कोटी 70 लाख प्रवासी आणि चालकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने ही गोष्ट वर्षभर दडवून 2017 मध्ये कबूल केली. गिऱ्हाइकांची नावे-पत्ते ही आपल्याकडची अमानत असते. ती अशी जाणे दंडापेक्षाही जड.

चांगला मार्ग जुनाच आहे. 1979 च्या युनिक्स प्रणालीपासून संगणकात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नावाची सोय आहे. प्रोग्राम सुरू होताना बाहेरून त्याला नाव आणि किंमत अशा जोड्या दिल्या जातात. प्रोग्रामात फक्त नाव लिहायचे, किंमत क्लाउडच्या खात्यात ठेवायची. ॲमेझॉनच्या लॅम्डा सेवेत ही सोय 2016 पासून आहे, गुगलच्या क्लाउड रनमध्येही आहे.

किमती संकेतस्थळावर हाताने भरता येतात, तसाच छोटा प्रोग्राम लिहूनही भरता येतात. आमचे मत दुसऱ्या रीतीकडे झुकते, कारण हाताने भरताना एखादे अक्षर चुकले तर कोणी कधी काय बदलले याचा पत्ता सहज लागत नाही. पण येथे एक खड्डा आहे. लॅम्डाला नवी यादी पाठवली की जुनी संपूर्ण यादी जाते व नवी तेवढी उरते. एकच पासवर्ड बदलायला गेलेला माणूस बाकीचे तीन शब्द उडवून बसतो आणि बिले बंद पडतात. म्हणून आधी चालू यादी मागवावी, तीत बदल करावा, मग पूर्ण यादी परत पाठवावी. क्लाउड रनमध्ये ‘सेट’ हा हुकूम जुने पुसतो आणि ‘अपडेट’ हा हुकूम जुन्यात भर घालतो. एका शब्दाचा फरक! भरणाऱ्या प्रोग्रामातही गुप्त शब्द लिहू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट चाचणीची. ई-इनव्हॉइसचे चाचणी पोर्टल वेगळे व खरे वेगळे. कोठे जायचे हेही याच व्हेरिएबलने ठरवतात. आता या सर्व किमती संगणकाला निव्वळ मजकूर असतात. ‘चाचणी’ या नावापुढे ‘नाही’ लिहिले, पण प्रोग्रामाने तेथे काहीतरी मजकूर आहे एवढेच पाहिले, तर तो त्याला ‘होय’ समजतो. मग बिले चाचणी पोर्टलवर जातात. तेथून येणारा क्रमांकही 64 अक्षरांचाच, मुनिमाला फरक कळत नाही. आदिलाबादकडे निघालेली गाठींची गाडी तपासणीत अडकली म्हणजे कळतो. म्हणून पहिले बिल निघताच तो आयआरएन खऱ्या पोर्टलवर स्वतः तपासून घ्यावा.

व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नव्हे. क्लाउडचे खाते उघडू शकणारा ते वाचू शकतो, आणि काही प्रोग्राम अडचण आली की सगळी यादी नोंदवहीत छापतात. ज्यांचा व्यवहार मोठा आहे त्यांनी सिक्रेट मॅनेजरची सोय घ्यावी.

व्यापारी बांधवांनी स्वतः प्रोग्राम शिकण्याची गरज नाही. पण क्लाउडचे खाते पेढीच्या नावाने व मालकाच्या मोबाइलवर आहे की प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाच्या, हे आजच विचारावे. तो मुलगा पुण्या-हैदराबादला नोकरीला निघाला की त्याच दिवशी चारपैकी बदलता येतील ते शब्द बदलावेत. बदल केल्यावर प्रोग्रामची नवी प्रत सुरू होते आणि चूक असेल तर बिले तेथेच थांबतात. तेव्हा हंगामात गाड्या फाटकाशी लागलेल्या असताना हे काम काढू नये, रात्री पेढी बंद झाल्यावर काढावे.