खुलासा, सबब की सारवासारव?

सरकारी कचेरीत ‘कारणे दाखवा’ नोटीस हाती पडली की नवखा कर्मचारी शेजारच्या टेबलावरच्या मुरलेल्या माणसाकडे धाव घेतो. मजकुराचे नंतर बघू. आधी ‘विषय’ या शब्दापुढे काय लिहायचे ते ठरवावे लागते. ‘‘खुलासा लिही,’’ मुरलेला माणूस सांगतो, ‘‘माफीबिफी अजिबात नको.’’ त्याचे बरोबर असते. माफी लिहिली की आरोप मान्य केल्यासारखे होते. खुलाशात मात्र काय घडले एवढेच सांगायचे असते. ते चूक होते की बरोबर, हे साहेबांनी ठरवायचे. साहेबही बहुधा ठरलेलेच उत्तर धाडतात: ‘आपला खुलासा समाधानकारक नाही.’ प्रकरण विभागीय चौकशीपर्यंत गेले, तर ‘महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९’ लागू होतात आणि त्याच माणसाने त्याच घटनेबद्दल दिलेल्या कागदाला आता ‘बचावाचे निवेदन’ म्हणायचे असते. घटना तीच राहिली, पण खुलासा देणारा आता बचाव करणारा झाला.

स्वतःची बाजू मांडण्यासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. खुलासा, स्पष्टीकरण, कैफियत, जबाब, बचाव, समर्थन, सबब, बहाणा, सारवासारव, मखलाशी. कोशात यांतले बरेचसे एकमेकांच्या शेजारी सापडतील. पण वापरताना त्यांची सरळ दोन घराणी पडतात. काही शब्द माणूस स्वतःसाठी वापरतो आणि काही दुसरे लोक त्याला चिकटवतात. ‘मी माझा खुलासा करतो’ असे कोणीही म्हणेल. ‘मी आता थोडी सारवासारव करतो’ असे म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सारवासारव हा नेहमी ऐकणाऱ्याने दिलेला निकाल असतो.

‘सबब’ तर दोन्ही घराण्यांत राहून आला आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता ‘कारण’. मराठी कोर्टात आणि कचेरीत तो अजून त्याच मानाने वावरतो. निकालपत्रात सगळी चर्चा संपली की ‘सबब, पुढीलप्रमाणे आदेश’ असे येते, आणि तिथे त्याचा अर्थ ‘म्हणून’ असा असतो. त्याच कोर्टाच्या आवारात पक्षकार तारखेला आला नाही, तर ‘आजारपणाची सबब पुढे केली’ असे म्हणतात. न्यायाधीशाच्या लेखणीत असेपर्यंत शब्दाची अब्रू शाबूत असते. पक्षकाराच्या तोंडी तो लंगडा पडतो.

कैफियतीचे नशीब बरे. ‘कैफ’ म्हणजे अरबीत ‘कसे’. तेव्हा कैफियत म्हणजे एखादी गोष्ट कशी घडली त्याची हकीकत. दप्तरांत गावांच्या, देवस्थानांच्या, घराण्यांच्या कैफियती सापडतात आणि त्यांत बचावाचा सूर असतोच असे नाही. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आजही ‘लेखी कैफियत’ देतो. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते आणि न्यायालयाने कारण नोंदवून मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. छोट्यामोठ्या अर्जांवर मात्र वकील ‘से’ देतात. ‘समोरच्यांचा से आला का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकू येईल. तो इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळला आहे की ‘म्हणणे’ हा त्याचा कागदोपत्री अवतारच उलट परका वाटतो.

खरी गोची होते ती समर्थन आणि सबब यांच्यात. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली एका व्याख्यानात या दोहोंमधली रेघ स्पष्ट आखून दाखवली. समर्थन करणारा म्हणतो, हे मी केले आणि ते योग्यच होते. सबब सांगणारा म्हणतो, झाले ते वाईटच झाले, पण सगळा दोष माझा नाही. ही रेघ भारतीय दंड संहितेच्या ‘सर्वसाधारण अपवादां’तही होती आणि तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही आहे, फक्त कलमांचे आकडे बदलले. जीव वाचवण्यासाठी हल्लेखोराला मारणे हा हक्क मानला आहे, म्हणजे समर्थन. मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत हे न कळणाऱ्याला शिक्षा होत नाही, पण त्याने केले ते बरोबर होते असे कायदा म्हणत नाही. सात वर्षांखालच्या मुलाचेही तसेच.

या दोन शब्दांची सरमिसळ झाली की काय होते, ते मुंबईने १९५९ मध्ये पाहिले. २७ एप्रिलला नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीकडून तिच्या प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांबद्दल कळले. त्यांनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले आणि ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचे आहे, असे सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. हा झाला बहाणा, अगदी निखळ. नंतर आहुजाच्या घरी तीन गोळ्या सुटल्या. नानावटी स्वतः होऊन अधिकाऱ्यांपुढे हजर झाले.

कोर्टात बचाव आला तो असा: झटापटीत रिव्हॉल्व्हर चुकून सुटले, हा अपघात होता. ते मान्य नसेल, तर गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ धरा. कायद्याला असे पर्यायी बचाव चालतात. पण साध्या कानाला ते एकमेकांच्या पायात पाय घालताना ऐकू येतात, कारण पहिला म्हणतो मी मारलेच नाही आणि दुसरा म्हणतो रागाच्या भरात मारले. झटापट झाली म्हणावी, तर अंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागेवरच होता. फिर्यादी पक्षाने तो टॉवेल सोडला नाही. आकस्मिक प्रक्षोभ म्हणावा, तर घर, सिनेमागृह, जहाज आणि आहुजाचे घर या फेरीत सुमारे तीन तास गेले होते. तेवढ्या वेळात राग निवायला अवसर मिळाला होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले आणि जन्मठेप कायम केली.

कोर्टाबाहेर मात्र भलतेच शब्द चालले होते. रूसी करंजियांचे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक नानावटींच्या बाजूने उभे राहिले होते. तिथे ना अपघात होता ना प्रक्षोभ. अब्रूदार नवऱ्याने जे करावे तेच त्याने केले, असा सूर होता. म्हणजे उघड समर्थन, जे नानावटींच्या वकिलांनी न्यायालयात मांडलेच नव्हते. नऊपैकी आठ ज्युरींनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ज्युरींनी कोर्टातली सबब ऐकली की रस्त्यावरचे समर्थन, यावर मुंबईत पुढे बरीच वर्षे वाद रंगले. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

हल्ली ‘खुलासा’ या शब्दाची आणखी एक पंचाईत झाली आहे. मराठीत खुलासा ज्याच्यावर किटाळ आले आहे तो करतो. हिंदी वाहिन्यांवर तो दुसऱ्याचे बिंग फोडणारा करतो. तिकडून ‘धक्कादायक खुलासा’ मराठी बातम्यांत शिरला आणि ‘गौप्यस्फोट’ हा नेमका, खणखणीत शब्द मागे पडला. आता ‘मंत्र्यांचा खुलासा’ या मथळ्यावरून मंत्री अडकले की मंत्र्यांनी कोणाला अडकवले, हे बातमी वाचल्याशिवाय कळत नाही. ‘सफाई दिली’ हाही तिकडूनच आलेला. मराठीत सफाई झाडू घेऊन करतात.

पुढाऱ्यांचा आवडता शब्द मात्र दिलगिरी. फारसी ‘दिलगीर’ म्हणजे खिन्न मनाचा. त्यामुळे ‘भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो’ या वाक्यात बोलणारा खिन्न आहे एवढेच सिद्ध होते, चूक कोणाची ते गुलदस्त्यातच राहते. ‘असल्यास’ हा शब्द उरलेली जबाबदारीही ऐकणाऱ्याच्या गळ्यात घालतो. गंमत म्हणजे न्यायालय याबाबत लोकांपेक्षा उदार आहे. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार माफी सशर्त आहे एवढ्याच कारणाने ती नाकारता येत नाही; ती प्रामाणिक मात्र असावी लागते.

उलट, नितळ माफीही दर वेळी कामाला येतेच असे नाही. कोल्हापूरच्या दिवाणांवर आरोप करणारी पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापली होती. ती बनावट असल्याचे उघड झाल्यावर टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सुटका झाली ती १०१ दिवसांनी, आणि आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या दिवसांवर पुस्तक लिहिले.