संगणकावरील अर्ज : भरतानाच पडताळणी

शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरताना विद्यार्थ्यास बँकेच्या शाखेचा आयएफएससी संकेतांक नमूद करावा लागतो. तो ११ अक्षरांचा असतो : पहिली ४ अक्षरे बँकेची, पाचवे शून्य व उरलेली ६ शाखेची. एवढी बाह्य रचना अर्जदाराचा स्वतःचा संगणकही तपासू शकतो. परंतु देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि तिचे जुने संकेतांक १ मार्च २०२१ पासून बाद ठरले. जुन्या पासबुकावरील संकेतांक रचनेने निर्दोष, पण रक्कम जमा होण्याच्या दृष्टीने निरुपयोगी! हे केवळ अद्ययावत यादी बाळगणाऱ्या मध्यवर्ती संगणकालाच, म्हणजे सर्व्हरलाच, कळू शकते.

पूर्वी अशी चूक संपूर्ण अर्ज पाठविल्यावरच उघडकीस येई आणि पुष्कळदा कष्टाने भरलेला मजकूरही पुसला जाई. आता अर्जदार पुढील रकान्याकडे वळताच तेवढाच संकेतांक पडद्यामागून सर्व्हरकडे जातो व उत्तर त्या रकान्याशेजारी उमटते. बाकीचे पान जागचे हलत नाही. या पद्धतीस जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव दिले.

मात्र तेवढ्यावर विसंबून चालत नाही. ही तपासणी टाळून सर्व्हरकडे थेट मजकूर धाडणे जाणकारास अवघड नसते. म्हणून अर्ज दाखल होताना सर्व्हरने प्रत्येक रकाना पुन्हा तपासणे अपरिहार्य ठरते. संपर्क तुटल्यामुळे मधले उत्तर आलेच नाही, तर रकाना चुकीचा मानून अर्जदारास अडवू नये. अंतिम तपासणी पुढे व्हावयाचीच असते.